लेखणी आणि वाणी : प्राचीन समाजांतील अक्षरसत्तेचे दोन नमुने

मुलाने पुढे कोणता व्यवसाय करावा या प्रश्नावर आईबापांनी केलेला विचार प्राचीन वाङ्मयात दोन ठिकाणी जवळजवळ एकाच पद्धतीने मांडलेला आढळतो. त्यांतून निघणारे निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध आहेत. पहिले ठिकाण ईजिप्तमधील आहे. मध्य राज्याच्या काळात (इ.स.पू. सुमारे २०५० ते १७००) रचल्या गेलेल्या एका उपदेशपर रचनेत दुआ-खेती नावाचा पिता आपल्या पेपी या मुलाला नावेतून दक्षिणेकडे, राजधानीतील लेखनशाळेत पोहोचवावयास निघाला आहे. वाटेत तो एकेका व्यवसायाचे वर्णन करतो. भट्टीपुढे राबणाऱ्या धातुकाराची बोटे मगरीच्या कातडीसारखी झालेली असतात. न्हावी दिवस मावळेपर्यंत गिऱ्हाइकाच्या शोधात गल्लोगल्ली हिंडतो. विणकर गुडघे पोटाशी घेऊन कोंडल्यासारखा बसतो. धोब्याला मगरींच्या शेजारी कपडे धुवावे लागतात. प्रत्येक व्यवसाय शरीर झिजविणारा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी हुकूम करणारा आहे. अपवाद एकट्या लेखनिकाचा, कारण हुकूम करणारा तोच.

दुसरे ठिकाण विनयपिटकातील महावग्गात येते. राजगृहात उपाली नावाच्या मुलाचे (विनयधर म्हणून प्रसिद्ध असलेले उपाली थेर ते हे नव्हेत) आईवडील आपल्या पश्चात मुलाचे कसे होईल या काळजीत आहेत. त्याला ‘लेखा’ शिकवावी, तर लिहून लिहून बोटे दुखतील. ‘गणना’ शिकवावी, तर छाती दुखेल. ‘रूप’, म्हणजे नाण्यांची पारख, शिकवावी, तर डोळे दुखतील. शेवटी ते या निष्कर्षावर येतात, की शाक्यपुत्रीय श्रमण चांगलेचुंगले जेवतात आणि निवाऱ्यात निजतात, तेव्हा मुलाला संघात घालणे हेच उत्तम. उपाली आपल्या सवंगड्यांसह संघात जातो आणि पहाटेच ही मुले भुकेने रडू लागतात. वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये हा नियम त्या रडण्यातून आला, असे विनयाचे म्हणणे आहे.

दोन्ही कथांत व्यवसायाची पारख शरीराला होणाऱ्या कष्टांवरून केलेली आहे आणि दोन्हींत किंचित विनोदाचा सूर आहे. तथापि नाईलकाठच्या पित्याला जी लेखणी सर्व कष्टांतून सोडविणारी वाटते, तीच राजगृहातील आईबापांना बोटे दुखविणारी वाटते. हा फरक केवळ कथाकाराच्या लहरीचा मानता येत नाही. साक्षरता हा प्राचीन समाजांत सत्तेचा आणि प्रतिष्ठेचा उगम होता असे विधान सर्रास केले जाते. मेसोपोटेमिया आणि ईजिप्त यांच्या पुराव्यावर ते बव्हंशी उतरते. भारताच्या बाबतीत मात्र त्याचे दोन तुकडे करावे लागतात, कारण येथे लेखनाने सत्ता दिली, परंतु प्रतिष्ठा दुसरीकडेच राहिली. या फारकतीचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. सिंधू संस्कृतीची लिपी सर्वमान्य रीतीने उलगडलेली नसल्यामुळे ती येथे बाजूला ठेवली आहे.

लेखनाचा जन्म काव्यासाठी झाला नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांनी मनाशी ठेवण्यासारखे आहे. दक्षिण मेसोपोटेमियातील उरुक येथे इ.स.पू. ३३००च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर जी चिन्हे उमटली, ती धान्य, मेंढरे, मद्य आणि मजुरांचे शिधे यांच्या हिशेबांची होती. या आद्य पाट्यांपैकी सुमारे ८५ टक्के निव्वळ प्रशासकीय आहेत. उरलेल्या पाट्या शब्दसूचींच्या, म्हणजेच शिकणाऱ्यांसाठी केलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत लोकप्रिय सूची पदांची आणि व्यवसायांची असून तिच्यात मोठ्या अधिकाऱ्यांपासून खाली क्रम लावलेला दिसतो. ती पुढे हजार वर्षे गिरविली गेली, तीतील कित्येक पदे व्यवहारातून नाहीशी झाल्यानंतरही! अक्षरओळख आणि समाजाच्या उतरंडीची ओळख या दोन्ही गोष्टी विद्यार्थी एकाच धड्यात शिकत होता.

हा धडा सोपा नव्हता. उरुकच्या आद्य लिपीत चिन्हांची संख्या नऊशेच्या आसपास होती. पुढे क्यूनिफॉर्म अर्थात कीलाकार लिपीत ती कमी झाली, तरी शेकड्यांतच राहिली. शिवाय इ.स.पू. अठराव्या शतकातील निप्पूरच्या विद्यार्थ्याला जी सुमेरी भाषा शिकावी लागे, ती तोवर कोणाचीही मातृभाषा उरलेली नव्हती. ‘एदुब्बा’, म्हणजे ‘पाट्यांचे घर’, या नावाने ओळखली जाणारी ही शाळा प्रत्यक्षात बहुधा शिक्षकाचे राहते घरच असे. निप्पूर येथे १९५१-५२ मध्ये उत्खनन झालेल्या अशा एका घरात चौदाशेच्या आसपास पाट्या व तुकडे मिळाले. काही तर चक्क भिंतींच्या आणि बैठकीच्या बांधकामात वापरलेले होते. गिरवून झालेल्या पाटीची किंमत मातीइतकीच!

या शाळेविषयीच्या सुमेरी रचनांपैकी एक अभ्यासकांनी बारकाईने वाचावी अशी आहे. सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी ती १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. तीतील विद्यार्थी उशिरा आला म्हणून, बोलला म्हणून, उभा राहिला म्हणून, अक्षर वाईट म्हणून दिवसभर मार खातो. घरी येऊन तो बापाला सुचवितो, की गुरुजींना जेवावयास बोलवावे. बाप त्यांना मानाच्या जागी बसवितो, जेवू घालतो, नवे वस्त्र नेसवितो, बोटात अंगठी घालतो; आणि मग त्याच विद्यार्थ्याच्या गुणांचे गुरुजींना भरते येते. ही रचना उपहासाची आहे हे उघड आहे, पण तिच्यातून या शिक्षणाला पैसे लागत ही गोष्टही तितकीच उघड होते. निकोलाउस श्नायडर यांनी १९४६ मध्ये लेखनिकांच्या पित्यांचे व्यवसाय तपासले, तेव्हा ते बहुतेक प्रांताधिकारी, नगरप्रमुख, मंदिरव्यवस्थापक, सेनाधिकारी, करवसुलीचे अधिकारी असेच निघाले. लेखन शिकून सत्ता मिळते या विधानाच्या जोडीला, सत्ता असलेल्यांनाच लेखन शिकता येते, हे विधानही ठेवावे लागते.

या परिश्रमाचे मोल राजांनाही वाटत होते. ऊरचा राजा शुल्गी (इ.स.पू. सु. २०९४–२०४७) स्तुतिसूक्तांत आपण पाट्यांच्या घरी शिकल्याचे सांगतो. त्यानंतर चौदा शतकांनी निनेव्हच्या असुरबनिपालने तोच अभिमान मिरविला. त्याच्या ग्रंथालयातील पाट्या व तुकड्यांची संख्या तीस हजारांच्या घरात जाते. ईजिप्तमध्ये तर शिल्पच बोलते. मांडी घालून, मांडीवर पपायरस पसरून बसलेल्या लेखनिकाची मूर्ती घडवून घेणे हा तेथील उच्चपदस्थांना भूषणावह प्रकार वाटे. खुफूचा पुत्र कावाब, आमेनहोतेप–हापूपुत्र, इतकेच नव्हे तर पुढे राजा झालेला सेनापती होरेमहेब यांनी आपल्याला याच आसनात पाहिले जावे अशी इच्छा केली. जॉन बेन्स आणि ख्रिस्तोफर एअर यांच्या १९८३ च्या अंदाजानुसार ईजिप्तमधील साक्षरांचे प्रमाण बहुतेक काळ एक टक्क्याच्या आसपास होते. त्या एका टक्क्यात असणे हाच मान होता. गंमत अशी, की दुआ-खेतीच्या ज्या उपदेशात लेखनिकाचे एवढे गोडवे गायले आहेत, तो उपदेश मुख्यतः नव्या राज्याच्या काळातील विद्यार्थ्यांनी पपायरसवर आणि खापऱ्यांवर उतरवून काढलेल्या प्रतींतून टिकला. जुनी भाषा न कळता केलेल्या त्या नकला इतक्या अशुद्ध आहेत, की काही वाक्यांचा अर्थ लावणे आजही जिकिरीचे होते.

लिपी अवघड होती, शिक्षण महाग होते, म्हणून लेखनिक मोठा, असे सूत्र येथवरच्या पुराव्यातून मांडता येते. त्याची उलट बाजू कानेश (आजच्या तुर्कस्तानातील क्युलतेपे) येथील जुन्या ॲसिरियन व्यापाऱ्यांच्या सुमारे तेवीस हजार पाट्यांत दिसते. त्यांनी आपल्या पत्रव्यवहारापुरती चिन्हे दीडदोनशेवर आणली. त्यामुळे पुष्कळ व्यापारी, आणि काही स्त्रियाही, स्वतःच लिहू लागल्या असाव्यात असे मानले जाते. तेथे लेखनाभोवती वलय असल्याचे दिसत नाही. पत्रांत कथलाचे भाव, कापडाचे नग आणि घरच्यांच्या तक्रारी आहेत.

हे सूत्र घेऊन भारताकडे वळले, की प्रथम ब्राह्मी लिपी आड येते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाच्या लेखांत ती पूर्ण विकसित रूपात समोर येते. तिची मूळ अक्षरे पन्नासाच्या आत आहेत आणि वर्णांची मांडणी उच्चारशास्त्राला धरून आहे. ही लिपी आत्मसात करण्यास दहा वर्षांचे एदुब्बा लागत नाही. अशा लिपीच्या आधारे विद्येभोवती कुंपण घालणे शक्य नव्हते. कुंपण पडले ते उच्चारावर, श्रवणावर आणि अधिकारावर. गुरुमुखातून ऐकलेला, स्वरांसह कंठस्थ केलेला वेद हाच वेद होय. ज्याला तो ऐकण्याचा अधिकार नाही, त्याने मुद्दाम ऐकल्यास त्याच्या कानांत वितळलेले कथील व लाख ओतण्याची शिक्षा गौतमधर्मसूत्र सांगते. ती प्रत्यक्षात किती अमलात आली हा प्रश्न वेगळा. येथे लक्षणीय आहे ते शिक्षेचे स्थान. नियमकर्त्याला धोका कानातून वाटतो, डोळ्यांतून नव्हे.

लेखनाविषयीचा अनादर याच भूमिकेतून येतो. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत गात म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलविणारा यांच्या पंक्तीला ‘लिखितपाठक’, म्हणजे लिहिलेले पाहून वाचणारा, बसविलेला आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात वेद विकणारे आणि वेदांना दूषण देणारे यांच्याबरोबर वेद लिहिणारेही नरकगामी ठरविले आहेत. हा दृष्टिकोन केवळ वैदिकांपुरता नव्हता. इ.स.च्या पाचव्या शतकाच्या आरंभी विनयाच्या प्रती मिळविण्यासाठी आलेला चिनी भिक्षू फा-हियेन नोंदवितो, की उत्तरेकडील प्रदेशांत विनय गुरुपरंपरेने मुखोद्गत चालत असल्याने उतरवून घेण्यासारखा लिखित ग्रंथच मिळेना; त्यासाठी त्याला पाटलीपुत्रापर्यंत यावे लागले. बौद्धांकडे निषेध नव्हता, पण पाठांतराची प्रतिष्ठा होतीच. लेखनाला त्यांनी मधले स्थान दिले. विनयातील एका वर्गीकरणात बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम, न्हावीकाम ही हीन शिल्पे, तर मुद्रा, गणना आणि लेखा ही उत्कृष्ट शिल्पे म्हटली आहेत. उत्कृष्ट खरे, पण शेवटी शिल्पच. उपालीच्या आईवडिलांची काळजी याच जागेवरून बोलते.

देवतांची विभागणीही सूचक आहे. सुमेरमध्ये निसाबा आणि ईजिप्तमध्ये थोथ ही लेखनाची थोर दैवते होत. आपल्याकडे विद्येची देवता ‘वाक्’, आणि लेखनिक म्हणून देवलोकात जो ठळकपणे दिसतो तो यमाच्या कचेरीतील चित्रगुप्त! व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही सुप्रसिद्ध कथा महाभारताच्या मूळ संहितेत टिकत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वाचे संपादक वि. सी. सुखठणकर यांनी ती परिशिष्टात टाकली आहे. प्रक्षिप्त असली तरी ती कथाही हाच क्रम पाळते. रचणारा बोलतो आणि लिहिणारा, तो देव असला तरी, लिहून घेतो.

जॅक गुडी यांनी इयान वॉट यांच्यासह १९६३ पासून मांडलेला विचार असा, की तर्कशुद्ध चिकित्सा आणि व्याकरणासारखी शास्त्रे लेखनामुळे शक्य झाली. वेदांसारखा प्रचंड संभार लेखनाच्या आधाराशिवाय अचूक टिकला असेल, यावर त्यांनी पुढे शंकाही घेतली. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन यांसारख्या पाठपद्धतींची कल्पना असलेल्या वाचकाला ही शंका फार बळकट वाटणार नाही. पाणिनीला लेखन ठाऊक होते, कारण ‘लिपिकर’ या शब्दाची सिद्धी तो सांगतो. पण त्याची सूत्रे घडली आहेत ती जिभेसाठी.

असे असूनही राज्य मात्र लिहिण्यावाचून चालत नव्हते, आणि खरी गुंतागुंत येथे सुरू होते. अशोकाचे लेख खडकांवर कोरलेले असले, तरी कलिंगातील स्वतंत्र लेखांत ते तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकविले जावेत अशी आज्ञा आहे. म्हणजे राजाचा शब्द प्रजेपर्यंत कानावाटेच जावयाचा होता. सोपारा येथे आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्या बंदरातील श्रोत्यांनाही ते कोणीतरी वाचूनच दाखविले असणार. हा वाचून दाखविणारा आणि लिहिणारा मधला माणूस किती महत्त्वाचा होता, याची कबुली चौदाव्या शिलालेखात अशोकच देतो: कोठे काही अपुरे लिहिले गेले असल्यास त्याच्या कारणांत लिपिकाराचा अपराध हेही एक असू शकते. साम्राज्याच्या आज्ञेचा पूर्णापूर्णपणा एका कारागिराच्या हातावर अवलंबून होता. कर्नाटकातील ब्रह्मगिरी आणि त्याच्या परिसरातील लेखांखाली चपड नावाच्या लिपिकाराने आपले नाव ब्राह्मीत लिहिले. ‘लिपिकाराने’ हा शब्द मात्र वायव्येकडील खरोष्ठीत. त्या मुलखात तो वाचू शकणारे किती असतील? आपल्याला दोन लिप्या येतात हे मिरविण्याची संधी त्याने सोडली नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राचा काळ कोणताही धरला, तरी त्यातील लेखकाविषयीची विधाने एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. शासनाधिकाराच्या प्रकरणात राजाज्ञा लिहिणाऱ्याच्या अंगी अमात्याचे गुण असावेत, त्याला सर्व संकेत ठाऊक असावेत, रचना शीघ्र आणि अक्षर सुंदर असावे अशी अपेक्षा आहे. पाठोपाठ अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य, स्पष्टत्व हे लेखाचे गुण येतात. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गुणचर्चा ओळखीची वाटेल. ती येथे कचेरीतून आलेली आहे. वेतनाच्या प्रकरणात मात्र गणक-लेखकादी वर्गाला ५०० पण मिळतात, म्हणजे शिकविलेल्या पायदळ सैनिकाइतके. ऋत्विज, आचार्य आणि पुरोहित यांचा मेळ मंत्री, सेनापती व युवराज यांच्याशी असून त्यांना ४८,००० पण आहेत. शासन सिद्ध करणारा लेखक आणि ५०० पणांचा कारकून हे एकच नसतील, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. तरीही मुखातल्या विद्येला ४८,००० आणि हातातल्या विद्येला ५०० हे अंतर नजरेआड करता येत नाही. त्याच वेळी न्यायसभेतील लेखकाने बोललेले लिहिले नाही, न बोललेले लिहिले, वाईट बोललेले सावरून लिहिले वा चांगले बोललेले बिघडविले, तर त्याला प्रथम साहसदंड सांगितला आहे. ज्याच्याकडून इतक्या प्रकारची भीती आहे, त्याला दुर्बल म्हणता येणार नाही.

या भीतीला स्मृतींनी नाव दिले. प्रजेचे रक्षण चोर, लुच्चे, दरोडेखोर यांच्यापासून आणि विशेषतः कायस्थांपासून करावे असे याज्ञवल्क्यस्मृती राजाला बजावते. कायस्थ हा शब्द येथे अधिकाराचा, राजाच्या लेखनिकाचा वाचक आहे. पुढे रूढ झालेला ज्ञातिवाचक अर्थ त्यावर लादू नये. हीच स्मृती वादात लेख, भोग आणि साक्षी ही तीन प्रमाणे मानते. कर्जाच्या लेखावर ऋणको आणि साक्षीदार यांनी आपापल्या हाताने नाव घालावे आणि शेवटी लेखकाने, उभयतांच्या सांगण्यावरून आपण हे लिहिले, असे नमूद करावे अशी पद्धतही ती घालून देते. ज्या लेखावाचून न्याय होत नाही, तो लिहिणाराच संशयित. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील चारुदत्ताला न्यायसभा समुद्रासारखी दिसते आणि त्या समुद्रातले सर्प म्हणजे कायस्थ.

परंतु या साऱ्या संबंधाचे सर्वांत बारकाईचे चित्र विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त आहे. पहिल्या अंकात गुप्तहेर निपुणक राक्षसाच्या कुसुमपुरातील मित्रांची नावे सांगतो. त्यांत शकटदास या कायस्थाचे नाव येताच, कायस्थ म्हणजे क्षुल्लक मात्रा, असा शेरा चाणक्य मनाशी मारतो. तरी शत्रू लहान असला म्हणून त्याची उपेक्षा करू नये, असेही लगेच जोडतो. मग राक्षसाची मुद्रा हाती आल्यावर चाणक्य एक कूटपत्र योजतो. मजकूर त्याचाच, पण अक्षर शकटदासाचे हवे. शिष्य शार्ङ्गरवाकडे त्याने दिलेले कारण मार्मिक आहे: श्रोत्रियाने कितीही प्रयत्नाने लिहिले, तरी अक्षर अस्पष्टच उतरते. या वाक्यावर प्रेक्षक हसत असतील, तर त्यामागील संकेत त्यांना ठाऊक होता म्हणूनच. वेद मुखी असलेल्या ब्राह्मणाचे अक्षर वाईट असणे ही लाजेची गोष्ट नव्हती. ते जवळजवळ त्याच्या पदाचे लक्षण होते. होरेमहेबाच्या देशात हा विनोद कळला नसता.

नाटकाची पुढची सगळी उलथापालथ त्या सुवाच्य अक्षरावर होते. पाचव्या अंकात ते पत्र सिद्धार्थकाजवळ सापडते, राक्षसाच्या मुद्रेने अंकित असते. राक्षस ते आपले नसल्याचे सांगतो, तेव्हा शकटदासाचे दुसरे लेखन आणून अक्षर ताडून पाहिले जाते आणि ते जुळते. मलयकेतूचा विश्वास उडतो, सैन्य फुटते, राक्षसाला आपला जिवलगच उलटला असे वाटते. शकटदासाने विश्वासघात केलेला नाही. आपण काय लिहून देत आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती. मजकूर ज्याचा त्याची बुद्धी, मुद्रा ज्याची त्याचा अधिकार, आणि प्रामाण्य मात्र ज्याला कोणी विचारीत नाही अशा हाताचे! लेखनाची सत्ता लेखकापासून सुटी होऊन कशी वावरते, हे शास्त्रग्रंथांनी सांगितले नाही इतक्या स्पष्टपणे विशाखदत्ताने रंगमंचावर दाखविले आहे.

महाराष्ट्रातील सातवाहनकालीन लेखांत ही विभागणी नाटकाविना, कोरड्या नोंदीच्या रूपाने आढळते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवल्याचा लेख आहे. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने दिलेले आहेत. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर निबद्ध केला गेला, असे तो लेख म्हणतो. प्रथम श्रवण आणि मग लेखन, असा त्याचा क्रम आहे.

तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या राज्यवर्षातील लेखात गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला, पूर्वी उषवदाताने उपभोगिलेले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना देण्याची आज्ञा आहे. शेवटी कोणी काय केले याची नोंद येते. आज्ञा तोंडी दिली. लेख सिद्ध केला अमात्य शिवगुप्ताने. महास्वामींनी तो सांभाळला. चोविसाव्या वर्षी, ते शेत कसले जात नाही आणि गावही वसत नाही असे आढळल्यावर, राजा आणि राजमाता यांच्या नावाने अमात्य श्यामकाला दुसरी आज्ञा गेली आणि शंभर निवर्तने राजशेत बदली देण्यात आले. तीही आज्ञा तोंडीच. या वेळी लेख सिद्ध करणाऱ्या व्यक्तीचे नाव आहे लोटा, आणि ती प्रतिहाररक्षी, म्हणजे राजद्वारावरील स्त्री-अधिकारी होती. सांचीला दान देताना गोतीपुत्र सुबाहिताने ‘राजलिपिकर’ हे आपले पद अभिमानाने कोरविले. लोटेचे नाव असे दात्री म्हणून आलेले नाही. ते कामाच्या ओघात आले आहे, राजाच्या तोंडच्या शब्दानंतर आणि दस्त पुरा करणाऱ्याच्या आधी. पहिल्या लेखात तो तापस आहे, दुसऱ्यात सुजीवी. दोघांच्याही नावापुढे ‘कटा’, म्हणजे ‘केली’, एवढे एकच क्रियापद आहे.